गोचिडींचा बंदोबस्त: जनावराच्या अंगापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत

आमच्या गोठ्यात आठ संकरित गाई, एक खिलार आणि एक म्हैस आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर दोन महिन्यांची एक कालवड तापाने गेली. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती आणि डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू पांढरीफटक. रक्ताच्या तपासणीत थायलेरिया निघाला. हा आजार गोचिडीतूनच येतो. त्याआधीच्या महिन्यात मी तीन वेळा फवारणी केली होती आणि दर वेळी औषधाचं प्रमाण थोडं वाढवलंही होतं. तरी गोचिडी हटल्या नव्हत्या.

त्यानंतर पशुवैद्यकांशी बोलून, या विषयावरचं संशोधन समजून घेऊन आणि स्वतःच्या गोठ्यात करून पाहून जी पद्धत बसवली, ती इथे क्रमाने लिहितो आहे. जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी एकूण संख्येचा अगदी छोटा भाग असतात. बाकीच्या भिंतींच्या फटींत, गव्हाणीखाली आणि गवतात अंडी किंवा पिल्लांच्या रूपात दडलेल्या असतात. नुसत्या जनावरावर औषध मारत राहिलो तर आपण वरवरचं झाडत बसतो.

आधी गोचीड नीट पाहा

आपल्याकडे गोठ्यात मुख्यतः दोन प्रकार सापडतात आणि दोन्हींचा बंदोबस्त वेगळा आहे. म्हणून ही पायरी चुकवू नका.

पहिली निळसर-करड्या रंगाची, आखूड तोंडाची, फिकट पायांची. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ही एकाच जनावरावर वाढते. डोळ्यांना जेमतेम दिसणारं पिल्लू अंगावर चढलं की रक्त पिऊन, दोनदा कात टाकून, मादी टपोरी होऊन खाली पडेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. खाली पडलेली मादी एखाद्या फटीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून जनावराची वाट पाहत बसतात. हवा दमट असेल तर काही महिने उपाशीही जगतात. तांबडी लघवी होणारा बबेसिओसिस हीच गोचीड पसरवते.

दुसरी तपकिरी, लांब तोंडाची. तिच्या पायांवर फिकट पट्टे स्पष्ट दिसतात. ही हायलोमा. हिची लहान अवस्था बहुतेक कानांत आढळते, मोठी गोचीड कासेजवळ, जांघेत आणि शेपटीखाली. मधल्या काळात ती जनावर सोडून भिंतीच्या भेगांत जाऊन कात टाकते आणि पुन्हा येते. रात्री बॅटरी घेऊन दगडी भिंत पाहिलीत तर चढत असलेली सापडेल. माझी कालवड ज्या थायलेरियाने गेली, तो हिच्यामुळे होतो.

गोचिडीमुळे ताप येतो ही गोष्ट अमेरिकेतल्या गुराख्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून जाणवत होती. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये ती सप्रमाण मांडली. कीटकासारखा जीव आजार वाहून नेतो याचा तो पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक. पुढे १९०६ पासून तिथे जनावरांना ठरावीक दिवसांनी औषधी हौदातून काढण्याची मोहीम चालली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडून बहुतेक भाग या गोचिडीपासून मुक्त झाला. तिथे वेळापत्रक सगळ्यांनी पाळलं. आपल्याकडे एक गोठा फवारतो आणि शेजारचा तसाच राहतो. गुरं मात्र एकाच गायरानात चरतात.

मोजा आणि लिहून ठेवा

टपोरी झालेली निळसर मादी बहुधा पहाटे ते सकाळी लवकर जनावर सोडते. म्हणून मोजणी सकाळी, जनावरं चरायला सोडण्याआधी करावी. जनावराच्या एकाच बाजूवरच्या, साधारण अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या, फुगलेल्या गोचिडी मोजायच्या आणि आकडा दुप्पट करायचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात हीच पद्धत वापरली गेली, कारण त्या आकाराच्या गोचिडी पुढच्या दिवसभरात गळून पडणाऱ्या असतात. आजच्या आकड्यावरून उद्या किती माद्या गोठ्यात अंडी घालायला उतरणार ते कळतं.

कानाच्या आत, मानेच्या पोळीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, कास आणि मांडीच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहा. नुसतं लांबून पाहिलं तर निम्म्याहून जास्त सुटतात.

मी कॅलेंडरवरच प्रत्येक गाईच्या नावापुढे आकडा लिहितो. दोन महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली: आठ गाईंपैकी दोघींच्या अंगावरच निम्म्याहून जास्त गोचिडी होत्या. खिलारवर जेमतेम चार-पाच. देशी गोवंशाची कातडी आणि शरीराची प्रतिकारशक्ती गोचिडीला सहजी टिकू देत नाही, शिवाय ही जनावरं स्वतःला चाटून, घासून पुष्कळ गोचिडी काढतात. होल्स्टिन रक्त जितकं जास्त तितकी गोचीड जास्त, हा अनुभव दूध उत्पादकांना नवा नाही. पण आपल्याच गोठ्यातली कोणती गाय सगळ्यांना गोचीड पुरवते आहे, हे मोजल्याशिवाय समजत नाही. माझं सर्वांत जास्त लक्ष आता त्या दोघींवर असतं.

औषध लागू पडतंय का: बाटलीची चाचणी

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

गोचीड औषधाला दाद देईनाशी होते, हे जगभर घडत आलं आहे. आधी आर्सेनिक, मग डीडीटी, मग ऑर्गॅनोफॉस्फेट, मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड. प्रत्येक औषध आलं, काही वर्षं चाललं आणि मग गोचिडी त्याला पुरून उरल्या. भारतातही इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आणि वेगवेगळ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी गोळा केलेल्या नमुन्यांत डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी अनेक राज्यांत सापडल्या आहेत. कमी मापात, अर्धवट भिजवून, वारंवार मारलेल्या औषधाने जगून उरतात त्या चिवट गोचिडी, आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते.

प्रयोगशाळेत यासाठी प्रौढ गोचीड औषधात बुडवून, तिने किती अंडी घातली ते वजन करून पाहतात. त्याचं घरगुती रूप कुणालाही जमेल.

ज्या जनावरांवर गेल्या महिनाभरात काहीही मारलेलं नाही, त्यांच्या अंगावरून सकाळी वीस टपोऱ्या निळसर गोचिडी काढा. हातात रबरी मोजे हवेतच. ओढून तोडू नका. कातडीजवळ चिमट्याने धरून हळू वर उचला, म्हणजे तोंड तुटणार नाही. तुटलेली गोचीड चाचणीत घेऊ नका. साध्या पाण्याने धुऊन कागदावर कोरड्या करा आणि दहा-दहाचे दोन गट पाडा.

एका भांड्यात लेबलवर दिलेल्या अचूक प्रमाणात औषधाचं पाणी करा. पहिल्या दहा त्यात दोन मिनिटं बुडवा. दुसऱ्या दहा तितकाच वेळ साध्या पाण्यात. मग दोन्ही गट वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत ठेवा, तोंडाला मलमलचं कापड रबराने बांधा आणि बाटल्यांवर नाव-तारीख लिहून सावलीत, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवा.

आठवड्याभरात साध्या पाण्यातल्या गोचिडी तपकिरी, चकचकीत अंड्यांचे पुंजके घालू लागतील. चौदाव्या दिवशी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पाहा. औषधाच्या बाटलीत अंडी जवळजवळ नसतील तर औषध चांगलं चालतं आहे. साधारण निम्मी असतील तर ताकद घटते आहे. दोन्हीकडे सारखीच असतील तर ते औषध तुमच्या गोठ्यातून बाद.

गोचीड मेली की जिवंत आहे, याकडे फार लक्ष देऊ नका. काही औषधांनी गोचीड हलत राहते, पण अंडी घालत नाही, आणि ते आपल्याला पुरेसं आहे. निकाल पाहून झाल्यावर दोन्ही बाटल्यांत उकळतं पाणी ओता. तीन आठवड्यांच्या आसपास अंडी फुटू लागतात, त्यामुळे यात चालढकल नको.

आमच्याकडे दोन्ही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या होत्या. ज्या औषधाचं प्रमाण मी वाढवत नेत होतो, त्याचा या गोचिडींवर काहीच परिणाम होत नव्हता.

ही चाचणी फवारणीच्या औषधांसाठी आहे. आयव्हरमेक्टिनसारखं इंजेक्शन तिने तपासता येत नाही. आणि दहा गोचिडींवरून मिळतो तो अंदाज. तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुढचं औषध त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

औषध बदलायचं म्हणजे डबीचं नाव बदलायचं नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही एकाच, पायरेथ्रॉइड कुळातली औषधं आहेत. एकाला दाद न देणारी गोचीड दुसऱ्यालाही बऱ्याचदा देत नाही. अमिट्राझ वेगळ्या कुळातलं आहे. पिकावर फवारताना आपण औषधाचा गट पाहतो, तसंच इथेही लेबलवरचा घटक वाचायचा. अमिट्राझ घोड्यांना मात्र चालत नाही, त्यांची आतडी मंदावून पोटशूळ होतो. गोठ्यात घोडं किंवा शिंगरू असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

माप आणि फवारणी

डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के किंवा अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर गोचिडींसाठी लेबलवर साधारण एका लिटर पाण्याला २ मिलि असं प्रमाण असतं. तरी हातात असलेल्या बाटलीचं लेबल वाचूनच माप ठरवा, कारण एकाच औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता बाजारात मिळतात. पिकासाठीचं डेल्टामेथ्रिन जनावरावर वापरू नका. त्यातलं प्रमाण वेगळं असतं आणि सोबतचे द्रावक जनावराच्या कातडीसाठी तपासलेले नसतात.

बाटलीच्या झाकणाने माप घ्यायचं सोडा. दहा मिलिची सुई काढलेली सिरिंज पुरते.

मोठ्या गाईला नखशिखांत भिजवायला चार ते पाच लिटर द्रावण लागतं. बहुतेक गोठ्यांत एका गाईवर लिटरभर शिंपडलं जातं, पाठ ओली होते आणि जिथे गोचिडी असतात ती पोटाखालची, कासेजवळची, कानातली जागा कोरडी राहते. माझ्या आठ गाईंना ४० लिटर लागतात, म्हणजे २ मिलिच्या हिशोबाने ८० मिलि औषध. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपात तीन गाई होतात. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी जनावरासाठी घेऊ नका. एक पंप यासाठीच वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा.

फवारणीच्या आधी जनावराला पोटभर वैरण आणि पाणी द्या, म्हणजे अंग चाटण्याकडे ते कमी वळेल. खरारा करून चिकटलेलं शेण-माती काढा, नाहीतर औषध त्यावरच अडतं. भर उन्हात नको, पाऊस येण्याची लक्षणं असताना नको, अंग ओलं असताना नको. सकाळचं दूध काढून झाल्यावरची वेळ चांगली. वाऱ्याकडे पाठ करा. नोझल केसांच्या उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे औषध कातडीपर्यंत पोचतं. कानाच्या आत आणि डोळ्यांभोवती फवारू नका, द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसा. शेपटीचा गोंडा बादलीत बुडवा.

उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. अमिट्राझची ताकद तर पाण्यात लवकर उतरते. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळही ओतू नका. पायरेथ्रॉइड माशांना फार घातक असतात. दूध काढण्याआधी कास स्वच्छ धुवा आणि लेबलवर दूध न वापरण्याचा काळ दिला असेल तर तो पाळा.

पाठीवर ओतायची औषधंही मिळतात. १ टक्के फ्लुमेथ्रिन दर १० किलो वजनाला १ मिलि, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत कण्यावर ओततात. काम सोपं आहे, पण वजन अचूक हवं. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत, भागिले ६६०. उत्तर किलोत. घेर ६६ आणि लांबी ५४ असेल तर सुमारे ३५६ किलो. माझा डोळ्यांचा अंदाज या गाईला ३०० सांगत होता, म्हणजे मी तिला नेहमी कमीच औषध देत आलो होतो.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबद्दल एक कळकळीची विनंती आहे. दुभत्या जनावरांना ते लेबलप्रमाणे द्यायचं नसतं, कारण ते दुधात उतरतं. डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून टोचणं थांबवा. शिवाय ते शेणातूनही बाहेर पडतं आणि शेण जमिनीत गाडणाऱ्या शेणकिड्यांना मारतं.

जनावराच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं, वारंवार शेण-लघवी होऊ लागली तर विषबाधा समजा. साबण-पाण्याने अंग धुवा, सावलीत न्या आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवा. उतारा कोणता द्यायचा हे औषधाच्या कुळावर ठरतं.

पुढची फवारणी कधी

निळसर गोचीड अंगावर तीन आठवडे असते, हे लक्षात ठेवलं की वेळापत्रक आपोआप निघतं. आज मारलेल्या औषधानंतर उद्या जी पिल्लं चढतील, त्यांच्या माद्या विसाव्या दिवसाच्या पुढे-मागे गळायला लागतील. त्या गळण्याआधी, म्हणजे १८ ते २० दिवसांनी दुसरी फवारणी. तेवढ्याच अंतराने तिसरी. सलग तीन वेळा असं केलं की अंगावरून एकही मादी अंडी घालायला उतरत नाही आणि गोठ्यातला साठा आटत जातो. गोचिडी पुन्हा दिसल्यावर धावपळीत मारलेल्या दहा फवारण्यांपेक्षा या तीन उपयोगी पडतात.

मी पहिली फवारणी मेअखेर करतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मोकळ्या रानातली पिल्लं मोठ्या संख्येने मरतात, त्यामुळे पावसाआधी निळसर गोचिडींची संख्या कमी असते. तेव्हा मारलेला घाव पुढे श्रावण-भाद्रपदात जाणवतो. मग मोजणीचा आकडा पाहून दिवाळीच्या सुमारास गरज असेल तर दुसरा फेरा. जिथे चार-पाचच गोचिडी आहेत त्या खिलारला मी फवारत नाही, हाताने काढतो. थोड्या गोचिडी औषधाच्या माऱ्याबाहेर राहिल्या की औषधाची धार टिकायला मदत होते, असं संशोधक सांगतात आणि मला ते पटतं.

गोठ्याच्या भिंती

पट्टेरी पायांच्या हायलोमासाठी हेच खरं काम आहे. ते उन्हाळा चढायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं.

दगड-मातीच्या भिंती, लाकडी मेढी, तुटलेली गव्हाण, फरशीच्या सांधी, पत्र्याखालच्या आड्याची खाच: जिथे सुरी शिरते तिथे गोचीड शिरते. सगळ्या भेगा सिमेंटने किंवा जिथे जमेल तिथे घट्ट मातीने बुजवा. मग चुना मारा, एक हात पुरत नाही, दोन द्या. आमच्या जुन्या गोठ्याच्या मागच्या भिंतीतून प्लास्टर करण्याआधी खरवडताना वाटीभर वाळलेल्या काती आणि जिवंत गोचिडी निघाल्या होत्या. तोवर मी त्या भिंतीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

गॅसच्या ज्योतीने भेगा भाजण्याची पद्धतही चांगली चालते, पण पक्क्या भिंतीवरच. कडबा, पाचट किंवा ताडपत्री जवळ असेल तर ते धाडस करू नका. भिंतीवर औषध फवारायचं तर जनावरं बाहेर काढून, गव्हाण झाकून, जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत. पूर्ण वाळल्याशिवाय आत घेऊ नका. हेही तीन आठवड्यांनी पुन्हा करायला हवं, कारण अंड्यांवर औषधाचा पुरेसा परिणाम होत नाही.

उकिरडा गोठ्याला लागून नको. सकाळचं झाडलोट केलेलं गव्हाणीखालचं गवत-कचरा त्यात पुरून टाका, रात्रीत गळलेल्या माद्या त्यातच असतात. पाच-सहा गावठी कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडल्या तर त्या गोचिडी टिपून खातात. केनियातल्या संशोधनातही कोंबड्यांच्या पोटात मोजून गोचिडी सापडल्या आहेत. मात्र फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डालून ठेवा.

पाला आणि बुरशी

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुवैद्यकातली एक कृती प्रसारित केली आहे: लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा मूठभर पाला आणि मूठभर निंबोळ्या, १० ग्रॅम वेखंड, २० ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीचा पाला, मूठभर तुळस. सगळं वाटून एक लिटर पाण्यात मिसळायचं, फडक्यातून गाळायचं आणि आठवड्यातून एकदा अंगावर आणि गोठ्याच्या फटींत फवारायचं. मी ते पिल्लं अंगावर दिसू लागली की लगेच वापरतो. भरपूर टपोऱ्या गोचिडी असलेल्या गाईला मात्र त्याच्यावर सोडून चालणार नाही. घाणेरी पोटात गेली तर विषारी असते, चोथा जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. सीताफळाच्या बियांची पूड गोचिडी मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून मी ती वापरत नाही.

रॉकेल आणि जळकं ऑइल चोळणं बंद करा. कातडी भाजते, आणि ते पोटात जातं.

उसातल्या हुमणीसाठी आपण जी मेटारायझियम बुरशी वापरतो, तिच्यावर गोचिडींसाठीही बरंच संशोधन झालं आहे. प्रयोगशाळेत ती गोचिडी चांगल्या मारते. जनावराच्या अंगावर ऊन आणि उष्णता यांमुळे तिचा परिणाम तितका भरवशाचा राहत नाही. गोठ्यातल्या ओलसर, सावलीच्या जागी तिला जास्त वाव आहे असं मला वाटतं.

गोचिडीविरुद्ध लसही आहे. क्यूबा आणि ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात निळसर गोचिडीच्या आतड्यातल्या प्रथिनापासून ती बनली: लस दिलेल्या गाईचं रक्त प्यायल्यावर गोचिडीचं आतडंच बिघडतं. आपल्याकडे उपलब्ध असलेली लस वेगळी, ती थायलेरियाच्या आजाराविरुद्धची आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते आणि गाभण जनावरांना देत नाहीत. संकरित वासरांसाठी तिची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर करा. मी कालवड गेल्यानंतर केली.

बाजारातून आणलेलं जनावर

सांगोला, घोडेगाव, चाकण, कुठल्याही बाजारातून आणलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधा. पहिल्याच दिवशी गोचिडी काढा, फवारा आणि कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. थायलेरियातून बरी झालेली गाय दिसायला ठणठणीत असते, पण तिच्या रक्तात जंतू राहतात आणि तुमच्या गोठ्यातल्या गोचिडी ते इतरांना पोचवतात.

ताप आला तर

गोठ्यात थर्मामीटर ठेवा. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, खांद्यापुढची किंवा कानाखालची गाठ सुजलेली, दूध एकदम उतरलेलं, श्वास जोरात: थायलेरियाचा संशय घ्या. लघवी कॉफीच्या रंगाची असेल तर बबेसिया. ताप आणि पिवळसर-फिकट डोळे, पण लघवी स्वच्छ, असं असेल तर गोचिडीतूनच येणारा तिसरा आजार, अ‍ॅनाप्लाझ्मा, असू शकतो. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. थायलेरियावरचं ब्युपर्वाक्वोन लवकर दिलं तर जनावर वाचतं, रक्त उतरल्यावर दिलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. मी तापाचं साधं इंजेक्शन देऊन दोन दिवस वाट पाहिली होती. तसं करू नका. पहिल्याच दिवशी रक्ततपासणी करा.

उवा, खरूज आणि पोटातले जंत

उवांचं सगळं आयुष्य जनावराच्या अंगावरच जातं, म्हणून गोठ्यापेक्षा जनावरावर भर द्यायचा. थंडीत केस दाट होतात तेव्हा, विशेषतः म्हशी आणि शेळ्यांवर, त्या वाढतात. लिखांवर औषध चालत नाही, त्यामुळे १४ दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. खरुजेत कातडी जाड होऊन खपल्या धरतात. कडेची खपली खरवडून तपासून घ्या आणि उपचार पूर्ण करा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

गोमाश्यांसाठी शेण आणि ओली वैरण रोज उचलणं हाच मोठा उपाय. २०२२ मध्ये लंपी महाराष्ट्रभर पसरला तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांचं महत्त्व सगळ्यांनाच कळलं.

म्हशीच्या पारडांना आईच्या दुधातूनच गोलकृमी मिळतात, त्यामुळे जंतनाशकाचा पहिला डोस दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांकडून द्या. पाणथळ, गोगलगाईंच्या जागी चरणाऱ्या जनावरांना यकृतातल्या चपट्या कृमींचा धोका असतो, आणि त्याचं औषध गोलकृमींच्या औषधाहून वेगळं असतं. अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाईला गाभण काळाच्या पहिल्या ४५ दिवसांत देऊ नये.

शेळ्या-मेंढ्यांत रक्त पिणाऱ्या जठरातल्या कृमीसाठी दक्षिण आफ्रिकेत डोळ्यांच्या रंगाची पाच पायऱ्यांची तक्तापट्टी तयार झाली. खालची पापणी खाली ओढून आतला रंग पाहायचा. लालभडक असेल तर औषध नको, फिकट गुलाबी ते पांढरा असेल त्याच शेळीला द्यायचं. सरसकट पूर्ण कळपाला जंतनाशक पाजण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण इथेही कृमी औषधाला सरावतात. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बहिणीच्या बारा शेळ्यांचे डोळे असेच पाहतो. गेल्या वर्षी औषध चौघींनाच द्यावं लागलं.

आपल्या हाताची काळजी

गोचीड नखाने चिरडू नका. गुजरातेत २०११ मध्ये क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप माणसांत आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचं निदान केलं. तो हायलोमातून आणि बाधित रक्ताच्या संपर्कातून पसरतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि गोव्यात सत्तरीच्या भागात माकडताप आहे, तो रानातल्या वेगळ्या गोचिडीमुळे होतो. तिकडच्या मंडळींनी जंगलातून सरपण किंवा काजू गोळा करून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, अंग तपासावं आणि माकड मेलेलं दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवावं.

काढलेल्या गोचिडी झाकणाच्या डब्यात साबणाच्या पाण्यात टाका. आमच्याकडे तो डबा गोठ्याच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला असतो, शेजारी चिमटा आणि मोजे.